उभ्या रेघांचा थाट

प्रमाणपत्राच्या माथ्यावर, बुलेटच्या टाकीवर, कुणाच्या दंडावर गोंदलेल्या नावात एक टोकदार, काळंभोर इंग्रजी अक्षर हमखास भेटतं. वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या डीटीपीवाल्याला 'ते सर्टिफिकेटवालं' एवढं म्हटलं तरी पुरतं. तो फॉन्टच्या यादीत थेट 'ओल्ड इंग्लिश'वर जाऊन थांबतो. या घराण्याचं नाव ब्लॅकलेटर. अक्षर देखणं आहे, पण लाडावलेलं. त्याच्या कलानं घेतलं नाही की फजिती ठरलेली.

मुळात हे कटनिबचं अक्षर. तीन मिलिमीटरची चपटी निब घ्यायची, ओळीशी ४० ते ४५ अंशांत धरायची आणि काही झालं तरी तो कोन सोडायचा नाही. लहान अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे १५ मिलिमीटर. वर डोकावणाऱ्या बी, एच, एल यांना साधारण आणखी दोन रुंद्या. 'एन' काढायचा तर आधी निब टेकवून पत्त्यांतल्या चौकटसारखा ठिपका, मग सरळ खाली रेघ, पायाशी पुन्हा चौकट, की हात उचलला. शेजारी तेच पुन्हा. दोन रेघांमधली पांढरी जागा रेघेच्या जाडीएवढीच ठेवायची; सगळी गंमत तिथे आहे. ती जागा वाढली की अक्षर विस्कटतं, घटली की डाग होतो. शाई पातळ असेल तर कोपरे भरतात, घट्ट असेल तर चौकटीचं टोक उमटत नाही. कागद शोषणारा असेल तर बोलायलाच नको. आपल्या गायकवाडी दफ्तरातला मोडी कागद याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिथल्या कारकुनाला बोरू उचलायचा कंटाळा, इथे दर रेघेला उचलणं.

या सारखेपणाची किंमत वाचणारा मोजतो. इंग्रजी 'मिनिमम' या लिपीत लिहिलं की सलग पंधरा उभ्या रेघा उरतात. एम कुठे संपला आणि आय कुठे सुरू झाला, कळत नाही. आयच्या डोक्यावर बारीक तिरकी खूण द्यायची पद्धत रुळली ती असल्याच गोंधळापायी. आजचं टिंब तिचंच वंशज.

कॅपिटल अक्षरांचं वेगळंच. ती शब्दाच्या आरंभी एकेकटी मिरवायला केलेली आहेत, पोटात नक्षीच्या रेघा घेऊन. अख्खं 'कुलकर्णी' कॅपिटलमध्ये टाकलं की कुलकर्ण्यांनाही वाचता येत नाही. फ्राक्टुर नावाच्या जर्मन प्रकारात तर ए आणि यू, बी आणि व्ही जुळे भाऊच. तरी प्रमाणपत्रांवर नावं कॅपिटलमध्येच छापून येतात, आणि ओळ भरावी म्हणून अक्षरांत अंतरही पाडलेलं असतं. अंतर पाडलं की विणच उसवते. ओळ भरायची तर अक्षर मोठं करावं.

छापखान्यात पहिला बळी जातो तो केसाएवढ्या रेघांचा. सोनेरी फॉईलमध्ये त्या धरत नाहीत आणि पोटातल्या फटी मात्र भरून जातात. स्क्रीन प्रिंटिंगलाही तेच. प्लॉटरवर, म्हणजे कापणाऱ्या यंत्रावर, विनाइल कापलं तर नको असलेला भाग सोलताना नेमकी ती नक्षी सोबत निघून येते. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं या अक्षरात शोभतात. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या अक्षरात द्यावा. पाहुणे वेळेवर हवे असतील तर.

'हे नाझींचं अक्षर ना?' असंही विचारतात. सिनेमांच्या पोस्टरांची ही शिकवण. ग्युटेनबर्गनं १४५५च्या सुमारास ४२ ओळींचं बायबल छापलं ते ब्लॅकलेटरमध्येच, आणि जर्मनीत पुढे शतकानुशतकं रोजची पुस्तकं फ्राक्टुरमध्ये निघत. नाझींनी ते आधी मिरवलं हे खरं, पण ३ जानेवारी १९४१च्या परिपत्रकानं त्याला ज्यूंचं ठरवून बंदही त्यांनीच केलं.

मग कुणीतरी म्हणतं, 'हेच मराठीत द्या.' ओल्ड इंग्लिशमध्ये देवनागरी नसतेच. युनिकोडमधल्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकी पद्धतीतल्या, मजकुराला तो फॉन्ट लावला तर काही बदलत नाही, संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या मजकुराला लावला तर भलत्याच इंग्रजी अक्षरांची रांग लागते. म्हणजे हातानंच काढायचं, आणि तिथे आपली लिपी हटून बसते. एक तर देवनागरीचा जाड-बारीकपणा उलट्या दिशेनं पडतो, म्हणून बोरूचा कापही उलटा. दुसरं म्हणजे ४५ अंशांत धरलेल्या निबेनं आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते. शिरोरेघ अक्षराच्या उभ्या दंडाएवढी जाड झाली की शब्दाला वरून झाकण बसतं. गुजराती शब्दाला ही अडचण नाही, शिरोरेघच नसल्यानं तो या वळणात मोकळा दिसतो. देवनागरीत शिरोरेघ निम्म्या जाडीची करावी किंवा अक्षरागणिक तोडावी. म, प, ष, य यांच्या दंडांना चौकटी छान बसतात. ट, ठ, द यांची गोलाई मोडून कोपरे पाडले तरी ओळख राहते. ळ मात्र ऐकत नाही. त्याची दोन्ही वेटोळी टोकदार केली की त्यातून इंग्रजी डब्ल्यूच डोकावू लागतो. एक तरी वेटोळं गोल सोडावंच लागतं, मग 'काळे' मंडळींच्या पाटीवर ते एकटंच परकं दिसलं तरी चालेल.