गोहरची उंटं
आज मस्कतमध्ये साइटवरच्या बलोच चाचांशी निवांत बोलणं झालं. (आज पाकिस्तानात असलेलं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानकडेच होतं, म्हणून इथे बलोच पिढ्यान्‌पिढ्या आहेत.) चाचा रिंद टोळीचे, मूळ गाव बलुचिस्तानच्या मकरान भागातलं मंद. तिथल्या भटक्या बलोचांचं जगणं ते सांगत होते: शेळीच्या काळ्या केसांचे तंबू, चारापाणी बघून हलणारे मुक्काम, आणि पाहुणा आला की आधी त्याच्याकडून वाटेतल्या साऱ्या बातम्या ऐकायच्या. ही रीत मला फारच आवडली!

मग विषय रिंदांच्या जुन्या सरदाराचा, मीर चाकर रिंदचा. त्याच्या आसऱ्याला आलेल्या गोहर नावाच्या बाईची उंटं लाशारी टोळीने मारली आणि दोन टोळ्या ३० वर्षं लढल्या, असं बलोच गाथा सांगतात. आसरा दिलेल्या बाईच्या उंटांसाठी एवढं! सांगताना चाचांचा आवाज चढला होता. आज रात्री फोनवर ही गोष्ट लेकीला सांगणार आहे.