टेस्ट लॅम्प पेटला होता

निफाडच्या थंडीचे बाहेरच्या लोकांना नवल वाटते. गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या आम्हा लोकांसाठी मात्र तो धंद्याचा हंगाम असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरल्याची बातमी छापून येण्याआधीच आमचे फोन वाजू लागतात आणि तक्रार बहुधा एकच असते : स्टार्टर जोरात फिरतो, पांढरा धूर निघतो, पण इंजिन पकडत नाही.

गेल्या जानेवारीतली अशीच एक गाडी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. द्राक्षबागाईतदार अण्णांची ती पिकअप, जुन्या प्री-चेंबर धाटणीच्या, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटते अशा, चार सिलिंडर इंजिनाची. या इंजिनात हवा दाबून तयार झालेली उष्णता थंड धातूच्या भिंतीच शोषून घेतात, म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये हीटर प्लग असतो आणि त्याचे टोक काही सेकंदांत ८०० अंशांच्या पुढे तापावे लागते. "मिस्त्री, मागच्या हिवाळ्यात तुम्हीच चारही प्लग बदलले होते," एवढेच अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

दुकानात आणलेली गाडी ही तापून आलेली गाडी असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मीच मळ्यावर गेलो. बागेत ठिकठिकाणी शेकोट्यांचा धूर होता. अण्णांचा मुलगा एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरून उभा होता. हा प्रकार थांबवण्यासाठी मी दरवर्षी घसा कोरडा करतो आणि दरवर्षी तो पुन्हा दिसतो.

चावी फिरवली. डॅशवरचा वेटोळ्याचा दिवा लागला आणि वेळेवर विझला. या गाडीत तो दिवा फक्त टायमरचे काम सांगतो, प्लग तापले की नाही हे त्याला ठाऊकच नसते. पण चालकांचा त्याच्यावर देवासारखा विश्वास. चारही प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट येतो का ते दाखवणारा छोटा बल्ब, लावला, तोही लख्ख पेटला. मागच्या वर्षी मी इथेच थांबलो होतो. करंट येतो आहे, म्हणजे प्लग गेले, असा सरळ हिशेब करून मी चार नवे प्लग बसवले होते. पार्ट बदलून पैसे घेणाऱ्या मिस्त्रींना मी एरवी नावे ठेवतो, हेही इथे कबूल केले पाहिजे.

या वेळी वायरीला नुसता वेढून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सोबत होता. थंड प्लगाचा रोध एक ओहमच्याही आत असतो, त्यामुळे चारही प्लग मिळून सुरुवातीला ६० अँपियरच्या पुढे ओढतात आणि तापत गेले की तो आकडा उतरतो. इथे मीटर ३०च्या आतच घोटाळत होता. बॅटरीवर भाराखालीही ११.९ व्होल्ट होते आणि पट्टीवर, प्लग चालू असताना, जेमतेम ७. व्होल्टेज एवढे पडले की उष्णता तिसऱ्या हिश्श्यावर येते. इंजिनाच्या अर्थिंगवर मी संशय घेतला नाही, कारण ती खराब असती तर स्टार्टर एवढ्या जोराने फिरलाच नसता.

मग मीटरच्या दोन पिना घेऊन एकेका टप्प्यात किती व्होल्ट गळतात ते तपासत गेलो, प्रत्येक वेळी प्लग चालू ठेवून. बॅटरीपासून फ्यूजपट्टीपर्यंत ०.१ व्होल्ट, प्लगांचा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या दोन टोकांत ०.३, आणि रिलेपासून प्लगांच्या पट्टीपर्यंतच्या हातभर वायरीत तब्बल साडेचार. वायर बाहेरून धडधाकट होती, पण टोकाच्या थिंबलपाशी, म्हणजे जोडणीच्या धातूच्या तुकड्यापाशी, बोट लावताच चटका बसला. आवरण चिरले तेव्हा आतले तांबे हिरवे-काळे होऊन भुगा झाले होते आणि चमकणाऱ्या तारा उरल्या होत्या पाच-सहा. टेस्ट लॅम्पचा पाच वॅटचा बल्ब अर्धा अँपियरही ओढत नाही. तेवढ्याला त्या पाच-सहा तारा पुरून उरत होत्या. रोध मोजून पाहिला असता तरी फसलो असतो, कारण तिथे ०.२ ओहमसुद्धा नव्हता आणि माझ्या मीटरच्या पिनांचाच रोध तेवढा भरतो.

नवी जाड वायर आणि नवे थिंबल बसवले. दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन पहिल्याच फेरीला पकडले. मी फक्त वायरीचे पैसे घेतले.

निघताना अण्णांनी बिस्किटांचा एक डबा हातात ठेवला; मागच्या वर्षी काढलेले चारही प्लग त्यांनी त्यात जपून ठेवले होते. दुकानात आल्यावर मी ते एकेक करून व्हाइसमध्ये पकडले आणि बॅटरीला जोडले. चारही, अगदी टोकापासून, लालभडक झाले.

हे मी फोन करून अण्णांना सांगितले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "प्लग चांगले होते, तर ते बदलल्यावर गाडी चालू कशी झाली?"

प्लग काढताना त्या वायरीची ओढाताण होऊन काही तारा पुन्हा थिंबलला टेकल्या असतील, किंवा ते काम फेब्रुवारीत झाले होते आणि तोवर थंडीच ओसरली होती. मागच्या वर्षीच्या वहीत तारीख शोधली. तिथे फक्त प्लगांची किंमत लिहिलेली आहे.