फ्रेंचचा तास आणि बहिरा भाजीवाला

पुण्यातल्या एका सीबीएसई शाळेत मी सातवीला फ्रेंच शिकवते. तिसरी भाषा, त्यामुळे आठवड्यातले तास मोजकेच. वर्गात चाळिसेक मुलं, बाक एकमेकांना खेटून, आणि दोन रांगांमधून अंग चोरूनच जावं लागेल एवढी वाट. पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, स्कोअरिंग आहे ना?" आहे हो, आहे. पुण्यात फ्रेंच-जर्मन घेणारे बरेच जण गुणांसाठीच घेतात, हे काही गुपित नाही आणि मला त्यात वावगंही वाटत नाही. फक्त शंभरात पंच्याण्णव मिळवलेल्या मुलाला दुकानात जाऊन एक पाव मागता येऊ नये, हे मला बघवत नाही.

"वर्गात काहीतरी क्रिएटिव्ह घ्या" असा शाळेचाही आग्रह असतो. त्याचा रूढ अर्थ म्हणजे पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर, निळे-पांढरे-लाल फुगे, डोक्यावर तिरकी बेरे टोपी आणि भरपूर फोटो. टॉवर करायला माझी ना नाही. पण तो करताना मुलं काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. "ए, डिंक दे ना." "मागच्या वेळी पण तूच कापलं होतंस." टॉवर झकास होतो, फ्रेंच शून्य. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मी एक चाळणी लावली. हा उपक्रम मराठी-इंग्रजीत बोलून पार पडतो का? पडत असेल तर तो चित्रकलेच्या सरांना द्यायचा. फ्रेंच वाक्य बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नसेल, तर तो माझा.

आमचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि ते माझ्या पथ्यावरच पडतं. १ एप्रिलला फ्रान्समधली मुलं कागदाचे मासे कापतात आणि एकमेकांच्या पाठीवर गुपचूप चिकटवतात. 'प्वासाँ दाव्रील', एप्रिलचा मासा. आम्ही माशावर सहावीत शिकलेला एखादा प्राणी किंवा व्यवसाय लिहिला. ज्याच्या पाठीवर मासा, त्याने वर्गाला विचारत सुटायचं, "एस्क झ स्वी अं शा?" मी मांजर आहे का? उत्तर फक्त 'वी' किंवा 'नों'. एकाच्या पाठीवर दंतवैद्य होता. तो बिचारा तासभर हत्ती, ससा, घोडा असा सगळा राणीचा बाग फिरून आला.

मग 'पती बाक'. नाव फ्रेंच असलं तरी खेळ आपला नाव-गाव-फळ-फूलच आहे, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. गोम अक्षरात आहे. इंग्रजी जी म्हणजे फ्रेंचमध्ये 'झे', आणि जे म्हणजे 'झी'. मुलांच्या डोक्यात आधीच इंग्रजी पक्कं बसलेलं, त्यामुळे अक्षर पुकारलं की अर्धा वर्ग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या. मग वकिली सुरू होते. ती फ्रेंचमध्येच करायची अशी अट घातल्यामुळे "से पा व्रे!", म्हणजे हे खरं नाही, हे वाक्य सगळ्यांना न शिकवता पाठ झालं. खर्च शून्य, बाक हलवायची गरज नाही. नव्याने शिकवायला लागलेल्या कोणी विचारलं तर मी याच खेळापासून सुरुवात करायला सांगते.

आकड्यांचं प्रकरण जरा मोठं आहे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात सत्तावीसचं 'वीस सात' केलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! फ्रेंच लोक तर 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणत निवांत जगताहेत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला 'सेप्तांत', 'नोनांत' असे सुटसुटीत शब्द आहेत हे कळल्यावर वर्गाने एकमताने बेल्जियम निवडला. तक्त्यावरून आकडे पाठ करून घेणं मला जमत नाही आणि पटतही नाही. त्यासाठी आम्ही बाजार भरवला.

दर दोन बाकांमागे एक गाळा. टोमॅटो, लिंबं, बटाटे मुलांनी घरून आणले. ज्या भाज्या मिळाल्या नाहीत त्यांची चित्रं. युरोची नाणी छापून कापली. भाव मी मुद्दाम असे ठेवले, की शेवटचा आकडा सत्तर ते नव्व्याण्णवच्या मध्येच यावा. दोन युरो ऐंशी, एक युरो पंच्याण्णव. म्हणजे 'साठ-दहा' नाहीतर 'कात्र-व्हँ' (चार-वीस) म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नाही.

पण खरा मजेचा नियम वेगळाच होता. फ्रान्समध्ये दुकानात शिरून 'बोंजूर' न म्हणता थेट वस्तू मागणं उद्धटपणाचं समजतात. हे पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे, मुलांनी त्याखाली रेघही मारली आहे, आणि तोंडी परीक्षेत तीच मुलं धाडकन मागणीवर येतात. म्हणून नियम केला की बोंजूर ऐकल्याशिवाय भाजीवाला बहिरा. पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी ठसक्यात आली, "झ व्हुद्रे अं किलो द तोमात, सिल व्हू प्ले." वाक्य बिनचूक. भाजीवाला छताकडे बघतोय. तिने आवाज चढवला. तो आता लिंबं पुसायला लागला. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच, आणि मागच्या रांगेतून दबक्या आवाजात फुसफुस सुरू झाली, "अगं बोंजूर, बोंजूर!" ती थांबली, श्वास घेतला, "बोंजूर मस्य." भाजीवाल्याच्या अंगात एकदम जीव आला, "बोंजूर मादमोआझेल!" पूर्ण वर्ग खिदळला. (हल्ली फ्रान्समध्ये मादमोआझेल, म्हणजे कुमारी, फारसं म्हणत नाहीत, सरकारी फॉर्मवरून तर ते २०१२ मध्येच काढून टाकलं. पण तेवढ्यासाठी त्याला अडवायला माझं मन झालं नाही.)

घासाघिशीचंही तसंच. टोमॅटोच्या गाळ्यावर तिथे भाव पाडून मागत नाहीत. आमच्या मुलांना मात्र मंडईचं बाळकडू, "से त्रो शेर!", फार महाग आहे, हे वाक्य त्यांनी इतक्या आवडीने उचललं की मला विक्रेत्यांना उत्तर शिकवावं लागलं, "आलोर, ओ रव्हार." मग या, नमस्कार. एक गोष्ट मात्र शिकवावीच लागली नाही. आईला 'त्यु' आणि भाजीवाल्याला 'व्हू' हे मराठी घरातल्या मुलाला उपजतच कळतं, आपणही आईला तू आणि भाजीवाल्या काकांना तुम्ही म्हणतोच की. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन म्हणाले, "काय, मंडई भरलीय का?" तर मुलं एका सुरात, "वी, मस्य!"

पाठ्यपुस्तकातलं फ्रेंच जग म्हणजे पॅरिस, आणि पॅरिस म्हणजे वाढदिवसाला जाणारा कुणी एक गोरा मुलगा. मला ते फोडायचं होतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी मॉरिशस काढलं. या बेटाचा ताबा इंग्रजांनी १८१० मध्ये घेतला, पण फ्रेंच तिथून गेली नाही; आजही तिथली मुख्य वर्तमानपत्रं फ्रेंचमध्येच निघतात. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे गणपतीची बातमी तिथे फ्रेंचमध्ये छापून येते!

त्या बातम्यांच्या धर्तीवर मी छोटे उतारे तयार केले आणि शब्दकोश बंद ठेवायला सांगितला. कोण, कुठे, केव्हा हे तीन रंगांनी रंगवायचं, एवढंच काम. 'इमेर्स्यों' वाचून एकाने लगेच विचारलं, "मिस, विसर्जन ना?" 'प्लाझ' म्हणजे समुद्रकिनारा हे तर विसर्जनावरूनच कळलं. 'झूर फेरिये' म्हणजे सुट्टी, ते मुलांना कुठल्याही भाषेत कळतं. वाढदिवसाच्या धड्याला रडतखडत जाणारा वर्ग हा मजकूर भराभर वाचत गेला, कारण आत काय असणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वाचनाला हा आधार केवढा मोठा असतो, हे अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना का सुचत नाही कोण जाणे.

पुढचा तास लिहिण्याचा. आपल्या घरच्या गणपतीवर फ्रेंचमध्ये सहा वाक्यं. इथे 'दीड दिवस' कसं म्हणायचं यावर वर्ग अडला. "अं झूर ए दमी," मी फळ्यावर लिहिलं, आणि दीड दिवसवाले, पाच दिवसवाले आणि गौरीबरोबर जाणारे असे तीन तट पडले. नंतर मॉरिशसच्या सुट्ट्यांचं फ्रेंच कॅलेंडर भिंतीवर लावलं. १ फेब्रुवारी गुलामगिरीच्या अंताचा दिवस, १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्याचा, २ नोव्हेंबर गिरमिटिया मजुरांच्या आगमनाचा. त्या शेवटच्या तारखेवरून, हे मजूर जिथे उतरायचे त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापर्यंत बोलणं गेलं. तो घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेवढा वेळ वर्गात मराठी चाललं आणि मी चालू दिलं.

धावती श्रुतलेखनं मधूनमधून होतच होती. उतारा दाराबाहेर चिकटवायचा, जोडीतल्या एकाने पळत जाऊन वाचायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. अक्षरावरची रेघ डावीकडे झुकलेली की उजवीकडे हेही तोंडानेच सांगावं लागतं. धिंगाणा होतो, पण स्वरचिन्हांच्या चुका कमी होतात. गाणी मात्र मी सोडून दिली. सातवीतल्या मुलांना बडबडगीतं म्हणायची लाज वाटते आणि ती लाज मला रास्त वाटते.

दिवाळीनंतर शाळेतल्या जेवणाचा विषय घेतला. फ्रान्समधल्या शाळांच्या कँटीनचा आठवड्याचा बेत नगरपालिकांच्या संकेतस्थळांवर मिळतो. आधी सॅलड किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, शेवटी फळ. २०१८ च्या एका कायद्यामुळे आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवणही द्यावं लागतं, हे ऐकून "एकदाच?" असा सूर निघाला. मुलांनी आपल्या डब्याचा बेत त्याच चौकटीत बसवला. कोशिंबीर आधी, भात-आमटी मध्ये, ताक चीजच्या जागी. पोळी-भाजी कुठल्या रकान्यात घालायची यावर तंटा झाला. पदार्थाच्या नावाआधी लागणारे 'दु', 'द ला', 'दे' ही मुलांना छळणारी व्याकरणाची बाब त्या तंट्यात आपोआप घोटून निघाली.

जानेवारीतली गालेत मला स्वतःला सगळ्यात आवडते. ६ जानेवारीच्या सुमारास फ्रान्समध्ये घरोघरी 'गालेत दे र्वा' कापतात. पापुद्र्यांचा गोल केक, पोटात बदामाचं सारण आणि एक लपवलेली छोटी चिनी मातीची मूर्ती. ती ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. आमच्या भागातला खारीवाला पापुद्र्याचं तेच पीठ लाटतो. त्याच्याकडून गोल चकत्या भाजून घेतल्या. सारण सफरचंदाचं, कारण काही मुलांना सुक्या मेव्याची ॲलर्जी. मूर्तीऐवजी बेकरीतली लाल चेरी खालून आत ढकलली. दात तुटायला नकोत.

प्रथा अशी, की सगळ्यात लहान मुलाने टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कुणाला हे न बघता सांगायचं. म्हणजे आधी सगळ्यात लहान कोण ते ठरवायला हवं! जन्मतारखा विचारण्यातच बराच वेळ गेला, आणि तो सगळा फ्रेंचमध्ये गेला. टेबलाखाली गेलेला मुलगा तिथे बसून भलताच खूश होता. मी तुकडा उचलायचा, वर्गाने ओरडायचं, "से पूर की?" हे कुणासाठी? टेबलाखालून आवाज, "से पूर..." आणि एक नाव. प्रत्येक मुलासाठी एकदा. एवढ्या वेळा तेच वाक्य पाठ करायला सांगितलं असतं तर मला शिव्या पडल्या असत्या. ज्या मुलीच्या तुकड्यात चेरी निघाली तिने सोनेरी कागदाचा मुकुट घातला आणि तास संपेपर्यंत आज्ञार्थी क्रियापदांवर राज्य केलं. "लव्हे-व्हू! आसेये-व्हू! शांते!" ऊठबस तर मीही केली.

२ फेब्रुवारीच्या शांदलर या सणाला फ्रान्समध्ये क्रेप उलटतात, एका हातात नाणं धरून. पैसा टिकावा म्हणून. क्रेप म्हणजे मैद्याचं घावन. वर्गात गॅस पेटवायला परवानगी नाही, म्हणून रिकामा तवा आणि पुठ्ठ्याची चकती. कृतीची वाक्यं ओळीने म्हणत गेलात तरच चकती उडवायला मिळते. काही चकत्या पंख्यावर गेल्या, मावशींनी झाडूने काढल्या.

वार्षिक तोंडी परीक्षेत मी खरेदीचाच संवाद ठेवला. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ए-वन या सुरुवातीच्या पातळीच्या तोंडीतही तिसरा भाग असाच असतो. परीक्षक दुकानदार होतो आणि समोर नाण्यांची चित्रं असतात. बहुतेकांनी बोंजूरपासून सुरुवात केली. आकडे अजून अडखळतात, पंच्याहत्तर म्हटलं की डोळे वर जातात. त्यासाठी आता आठवीला रेल्वेचं वेळापत्रक आणणार आहे. चोवीस तासांचं घड्याळ, पॅरिसहून लियोंला जाणारी गाडी, फलाट, आरक्षण. एका चिठ्ठीवर "मला गार द लियोंवर भेट" असं लिहून ठेवलंय. गार द लियों हे स्टेशन लियोंत नाही, पॅरिसमध्ये आहे. किती जण भलत्याच शहरात उतरतात बघू.