तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा देश कोणता घ्यावा?

विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या संस्थांच्या विस्ताराचं नियोजन हे माझं काम. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: 'आता पुढचा देश कोणता घ्यावा?' विचारणाऱ्याकडे बहुधा एक तक्ताही असतो. लोकसंख्या, तरुणांचं प्रमाण, मध्यमवर्गाची वाढ, सगळंच चढतं. चढते आकडे तर निम्म्या जगाचे असतात, त्यावरून ठरणार काय?

माझं उत्तर असं, की देश निवडू नका, वाट निवडा. कुठून, कुठे आणि काय शिकायला, हे तिन्ही धरलं की एक वाट होते. नायजेरिया ही बाजारपेठ नव्हे. नायजेरियातून ब्रिटनला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी जाणारी मुलं, ही बाजारपेठ. या वाटेचं काय झालं ते बघा. जून 2023 मध्ये नायजेरियाने आपल्या चलनाचा, म्हणजे नायराचा, दर बाजारावर सोडला. नायरा घसरत गेला आणि पौंडात तेवढीच असलेली फी घरच्यांना काही महिन्यांत दुपटीहून महाग पडू लागली. त्यात 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटनने, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायची मुभा बंद केली. तिथले तरुण कमी झाले नव्हते, त्यांची शिकायची इच्छाही आटली नव्हती. तक्ता जसाच्या तसा राहिला, अर्ज मात्र घसरले.

म्हणून प्रत्येक वाटेबद्दल मी आधी एवढंच विचारतो, की ही कोण बंद करू शकतं? कधी जिथे जायचं तिथलं व्हिसा खातं, कधी जिथून निघायचं तिथलं सरकार, कधी चलन. सरकारची गोष्ट लोक विसरतात. ऑगस्ट 2018 मध्ये कॅनडाच्या परराष्ट्र खात्याच्या ट्वीटवरून वाद पेटला आणि सौदी अरेबियाने आपल्या शिष्यवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांना कॅनडा सोडायला सांगितलं. सरकारी शिष्यवृत्तीवर चालणाऱ्या वाटेवर विद्यार्थी हजारोंनी दिसतात, पण गिऱ्हाईक एकच असतं.

व्हिसा खात्याचं उदाहरणही कॅनडाचंच. जानेवारी 2024 मध्ये तिथे स्टडी परमिटवर मर्यादा आली. त्या वर्षासाठी सुमारे 3,60,000 परमिट, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी. त्याच महिन्यापासून खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर झाली. पण पहिल्या वर्षी मास्टर्स आणि पीएचडी या मर्यादेबाहेर होते, 2025 मध्ये तेही आत आले. म्हणजे 2024 मध्ये 'कॅनडा संपला' म्हणणारा डिप्लोमावाला आणि 'कुठे संपला?' म्हणणारा पीएचडीवाला, दोघंही खरं बोलत होते. आणि तीन नव्या देशांत ऑफिस उघडून तिन्हींकडून मुलं कॅनडालाच पाठवणाऱ्याने विस्तार केलेला नव्हता, एकच जोखीम तीनदा घेतली होती.

आता पैसा. उत्तर गोलार्धातली मुख्य भरती सप्टेंबरची, आणि तिच्या अर्जांची लगबग आदल्या शरदापासूनच सुरू होते. मार्चमध्ये ऑफिस उघडलंत तर त्या सप्टेंबरचं पीक बव्हंशी दुसऱ्यांनी कापलेलं असतं. तुमची मुलं पुढच्या सप्टेंबरला जाणार. कमिशन बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या फीवर मिळतं. विद्यापीठ ते कधी देणार? मूल पोहोचलं, नाव नोंदवलं, फी भरली आणि माघारीची मुदत उलटली की मग. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ नुसता खर्च. व्हिसा नाकारला गेला तर कमिशनही नाही, मेहनत मात्र तेवढीच झालेली असते. म्हणून चौकशीला किती जण आले हा आकडा मला कुणी दाखवू नये. फी भरलेल्यांपैकी वर्गात किती बसले, तेवढं सांगा.

याच हिशेबामुळे काही वाटा जाहिरातीत दिसतच नाहीत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. फी नाही तर कमिशन नाही, मग सल्लागार त्यांचं नाव कशाला काढेल? तिथे जायचं असेल तर सेवेचे पैसे विद्यार्थ्याकडून उघडपणे घ्यावे लागतात. मला हा व्यवहार जास्त स्वच्छ वाटतो, पण दोन्ही पद्धती एकाच ऑफिसात चालवल्या की सल्ला कमिशनकडे झुकतो, हेही पाहिलं आहे.

एका सत्राचे किंवा उन्हाळी कार्यक्रम चालवणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांचं खरं गिऱ्हाईक मुलांचं मूळ विद्यापीठ, कारण तिथल्या अभ्यासाचं क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुणांक, मान्य करायचं की नाही हे तेच ठरवतं. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, व्हिसामुक्त प्रवेश असलेल्यांना कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. बारा आठवड्यांचा कार्यक्रम 84 दिवसांत बसतो, पंधरा आठवड्यांचा बसत नाही. त्या तीन आठवड्यांपायी व्हिसाची अख्खी यंत्रणा उभी करावी लागते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

आणि अडकलेल्या मुलांसाठी बाजूला ठेवायची रक्कम. ऑस्ट्रेलियाने मार्च 2020 मध्ये सीमा बंद केल्या, परदेशी विद्यार्थ्यांना सरसकट प्रवेश मिळाला तो डिसेंबर 2021 मध्ये. एवढा काळ फोन उचलणारं माणूस पगारावर ठेवता येईल का, हे विस्ताराच्या अंदाजपत्रकात मला क्वचित दिसतं.

इतकं ऐकूनही 'तरी एक नाव सांगाच' असा आग्रह होतो. मग मी म्हणतो, वाटेच्या तीन गोष्टींपैकी एका वेळी एकच बदला. ब्रिटनला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी मुलं पाठवता ना? मग मुलं तीच, अभ्यासक्रम त्याच धर्तीचा, फक्त ठिकाण आयर्लंड करून बघा. शिकवणं इंग्रजीत, एका वर्षाचे मास्टर्स भरपूर, आणि ते झाल्यावर काम शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं. तुमच्या समुपदेशकांना नव्याने फारसं शिकावं लागत नाही, आणि व्हिसाचा निर्णय लंडनऐवजी डब्लिनकडे जातो. घरांची टंचाई मात्र तिथे भयंकर आहे, तेव्हा पहिला माणूस विक्रीसाठी न नेमता राहायची सोय बघायला नेमा.