हाड वाढलंय, पण दुखतंय ते दुसरंच

टाच दुखते म्हटलं की समोरचा निदान करूनच मोकळा होतो: ‘हाड वाढलं असणार!’ माझ्या एक्स-रेत ते खरंच वाढलेलं निघालं. टाचेच्या हाडाला खालून, बोटांच्या दिशेने आलेलं टोक. पण एक्स-रे दोन्ही पायांचा काढला होता आणि तसंच टोक न दुखणाऱ्या टाचेतही होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या टाचेत असं टोक सापडतं, म्हणाल्या.

दुखत असतो तो बहुतेक वेळा प्लांटार फॅशिया. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून जाणारा हा जाड पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. तासन्‌तास उभं राहणं (मी शिक्षिका आहे, खुर्ची वर्गात नावालाच असते), वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, एकदम वाढवलेलं चालणं-धावणं, यांनी त्याच्यावर ताण येतो आणि हाडाला तो जिथे चिकटतो तिथे झीज होते. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की तो एकदम ताणला जातो आणि कळ थेट मस्तकात जाते. दहा-वीस पावलांनी जरा बरं वाटतं. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच.

म्हणून पाय जमिनीला लागायच्या आधीच व्यायाम करायचा. पलंगावर बसून दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यायचं, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची. असं दहा वेळा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला की पट्टा ताठ झालेला लागतो; नसेल लागत, तर ओढ कमी पडतेय. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं हे त्याच्या जोडीला.

मला जास्त पटला तो दुसरा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर हा व्यायाम करणारे नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा पुढे होते. वर्षअखेरीस मात्र दोघे जवळपास सारखेच. दुखऱ्या पायावर मुद्दाम भार द्यायचा हे घरच्यांना अघोरी वाटलं. वाटू दे.

घरातही मऊ तळाची चप्पल घालावी, फरशीवर अनवाणी फिरू नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा धोका असतो, म्हणून मी ते घेतलं नाही. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय जातं, फक्त कित्येक महिने घेतं. चार दिवस व्यायाम करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

पण प्रत्येक टाचदुखी हीच असते असं नाही. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर असह्य दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मुंग्या, बधिरपणा, सूज, ताप, रात्री पडल्या-पडल्याही ठणका, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी तर बर्फ लावतानाही जपावं; बधिर पावलाला इजा झालेली कळत नाही.