लॅमिनेशन मशीनपासून ट्रेसिंग पेपरपर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो एका लॅमिनेशन मशीनवर. दादा फोटो काढायचा, मी फ्रेम करायचो, दोघांत मिळून एक टेबल आणि ते मशीन. कुठे उद्घाटन, कुठे पायाभरणी, कुठे लोकार्पण असलं की दादा कॅमेरा घेऊन जायचा आणि आठवड्याभरात तीच मंडळी दुकानात यायची, फोटो, निमंत्रणपत्रिका, पेपरातलं कात्रण, कधी कापलेल्या फितीचा तुकडा घेऊन, आणि म्हणायची की हे कायमचं टिकेल असं काहीतरी करून द्या. आम्ही द्यायचो करून. सगळं गरम रोलरमधून काढायचं, कडक चकचकीत होऊन बाहेर यायचं, पाणी सांडलं तरी फडक्याने पुसून टाका. लोक खूश, आम्हीही खूश. तेव्हा कुणी विचारलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं की याहून भारी जतन नाहीच.

मग साधारण अकरा वर्षांनी एक गृहस्थ आले. पिशवीतून एक लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं, एका वाचनालयाच्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी, फोटोत त्यांचे वडील. कागद तपकिरी झालेला, कडेने हवा शिरून फुगे आलेले, आणि मागे आमचाच शिक्का. म्हणाले, आतला कागद तेवढा बाहेर काढून द्या, नीट ठेवतो. तो निघत नाही हो. लॅमिनेशनच्या प्लास्टिकला आतून डिंकासारखा थर असतो, तो उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो, ओढलं तर प्लास्टिकबरोबर शाईसकट कागद येतो. आणि पेपरचा कागद मुळात स्वस्त लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक असतो, तो कागद हळूहळू आम्ल होत पिवळा पडतोच, आम्ही वरून त्याला त्याच्या आम्लासकट कोंडून ठेवला होता. मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते काही न बोलता कात्रण परत पिशवीत घालून गेले.

त्या रात्री दादा आणि मी हिशोब मांडला की असे किती केले असतील. नको तो हिशोब. मशीन विकलं नाही, दुकानाच्या सूचना आणि रेटबोर्ड लॅमिनेट करायला अजून वापरतो, पण ओरिजिनल वस्तू त्यात परत घातली नाही.

शिकणं तिथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर ते वहिनींमुळे. त्या आधी एका बाइंडिंगच्या कारखान्यात होत्या, कागदाला हात लावला की कागद कसा आहे ते त्यांना कळतं. त्यांचं म्हणणं एकच, जे उद्या काढता येणार नाही ते आज लावायचं नाही. आम्ही वाचत गेलो, विचारत गेलो, भंगारातले फोटो आणून त्यांच्यावर प्रयोग केले आणि बरेच खराबही केले.

पहिलं मोठं काम आलं ते अल्बमचं. ते चिकट पानांचे अल्बम आठवत असतील, वर पारदर्शक कागद, उचलायचा, फोटो ठेवायचा, परत दाबायचा. नाव मॅग्नेटिक, पण त्यात मॅग्नेट वगैरे काही नाही, नुसत्या गोंदाच्या पट्ट्या. एका हॉस्पिटलच्या नव्या विभागाच्या उद्घाटनाचा अख्खा कार्यक्रम असा चिकटलेला, गोंद पिवळा झालेला, फोटोंच्या मागे पट्टे उमटायला लागलेले. मी ब्लेड घेऊन बसलो होतो, वहिनींनी हातातून काढून घेतलं आणि दाताचा दोरा दिला, हो, दात साफ करायचा फ्लॉस, मेण नसलेला. आधी प्रत्येक पान आहे तसं स्कॅन करायचं किंवा वरून फोटो काढून ठेवायचा, कारण कुठला फोटो कुणाशेजारी होता आणि खाली काय लिहिलं होतं ते एकदा पान मोकळं झालं की गेलं. मग फोटोच्या कोपऱ्याखाली दोरा सरकवायचा आणि करवतीसारखा हळू हळू मागेपुढे. एका फोटोला कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. फोटो वाकायला लागला की थांबायचं, आणि नाहीच निघाला तर पान कापून फोटोसकट पानच ठेवायचं.

त्याच अल्बमात रंगीत फोटो सगळे लालसर झालेले आणि मधेच दोन ब्लॅक अँड व्हाइट फोटो ठणठणीत. गिऱ्हाइकाला वाटलं रंगीत स्टुडिओवाल्याने फसवलं. तसं नसतं. ब्लॅक अँड व्हाइटमधलं चित्र चांदीच्या कणांचं, रंगीतमधलं रंगद्रव्यांचं, आणि जुन्या रंगीत कागदात निळसर रंग आधी उडतो म्हणून उरतो तो लालपणा. अंधारात ठेवला तरी उडतो, आणि उजेडाने तर बाकीचे रंगही फिके पडतात. म्हणून आम्ही आता भिंतीवर लावायला कॉपी देतो आणि ओरिजिनल खोक्यात. लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड, त्यांना वाटतं ओरिजिनल लपवून ठेवायचं तर मग दाखवायचं काय.

वस्तूंचं प्रकरण वेगळंच. फीत कापायची कात्री मखमलीच्या डबीत ठेवायची पद्धत दिसायला छान आहे, पण डबीचं अस्तर लोकरीचं किंवा फेल्टचं असेल तर त्यातून गंधकाचे वायू निघतात आणि चांदी काळी पडते. रबर बँडमध्येही गंधक असतं, म्हणून फोटोंच्या गठ्ठ्याला रबर बँड दिसला की मला घाम फुटतो, अर्ध्या वेळा तो वितळून वरच्या फोटोवर कायमचा पट्टा मारून बसलेला असतो. कात्रीला आम्ही हातमोज्याशिवाय हात लावत नाही कारण घामाचे ठसे धातूत कोरले जातात. फितीची घडी घालायची नाही, घडीवर धागा तुटतो, आम्लमुक्त कागदाच्या नळीवर ती गुंडाळायची. आणि लाल फीत फोटोंच्या खोक्यात कधीही नको. हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही, आमच्याच कपाटात दमटपणाने एका फितीचा रंग उतरला आणि खालच्या आभारपत्राचा कोपरा गुलाबी झाला. त्या संस्थेला फोन करून सांगायची वेळ माझ्यावर आली, दादा त्या दिवशी अचानक फार बिझी होता.

खोकी, पाकिटं याबद्दल एवढंच सांगतो, नव्या प्लास्टिकचा उग्र वास येत असेल तर ते पीव्हीसी असायची शक्यता फार, ते फोटोंना वाईट. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन चालतं. कागदावर नुसतं ॲसिड फ्री लिहिलेलं पुरेसं नाही, फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट, म्हणजे कागद फोटोला अपाय करतो का ते बघणारी चाचणी, पास आहे का ते विचारा, विकणारा गोंधळला तर दुसरीकडे जा. खोकं माळ्यावर नको, तिथे तापतं, जमिनीवर नको, तिथे पाणी येतं. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिली तर उत्तम.

पाण्यावरून आठवलं. एका ऑफिसचं छत गळलं आणि दोन दिवसांनी त्यांनी एक भिजलेला गठ्ठा उन्हात वाळवून आणून दिला. वाळताना फोटो एकमेकांना असे चिकटले होते की वीट झाली होती. ओले फोटो आले तर गठ्ठ्यात वाळू द्यायचे नाहीत, स्वच्छ थंड पाण्यात एकेक अलगद सुटा करायचा, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, मग टिपकागदावर चित्र वर करून पसरायचा. ४८ तासांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात जमत नसेल तर मधे बटर पेपर घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकायचे, फ्रीझरमध्ये सगळं थांबतं. फक्त काचेच्या जुन्या निगेटिव्ह गोठवायच्या नाहीत. आणि फ्रेमच्या काचेला फोटो चिकटलेला असेल तर ओढू नका हो, काचेवरूनच स्कॅन करा.

एवढं सगळं करून आम्हाला वाटलं की जमलं आता. मग एका संस्थेने कोनशिलेचा फोटो, निमंत्रणपत्रिका आणि सोहळ्याचे फोटो दिले, पन्नास वर्षांच्या कार्यक्रमासाठी एकत्र मांडून हवे होते. पत्रिकेवर एक प्रमुख पाहुणे, कोनशिलेवर तेच, आणि फोटोत पडदा ओढणारा माणूस भलताच. पाहुणे आलेच नव्हते, पाटी आधीच कोरून झाली होती, ऐनवेळी दुसऱ्याला बोलावलं. हा दुसरा कोण, ते संस्थेत कुणालाच माहीत नाही.

हे जगभर असंच आहे असं नंतर कळलं. अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली तेव्हा शेवटचा म्हणून सोन्याचा खिळा केला, त्यावर तारीख कोरली ८ मे १८६९. पाहुणे अडकले, सोहळा झाला १० मेला. खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे अजून चकाकतोय, चुकीच्या तारखेसकट. रुळाखालच्या ज्या खास लाकडी स्लीपरमध्ये तो घातला होता तो १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आगीत जळाला. आणि त्या दिवसाचा अँड्र्यू रसेल यांनी काढलेला जगप्रसिद्ध फोटो आहे, दोन इंजिनं समोरासमोर आणि मधे गर्दी, पण हजारो चिनी कामगारांनी तो मार्ग बांधला ते त्या फोटोत जवळपास दिसतच नाहीत. २०१४ मध्ये कॉर्की ली नावाच्या फोटोग्राफरने त्यांच्या वंशजांना त्याच जागी उभं करून तो फोटो परत काढला. सिडनीच्या हार्बर ब्रिजचं तर अजून मजेशीर, १९ मार्च १९३२ ला तिथल्या राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखे, जॅक लँग फीत कापणार तेवढ्यात फ्रान्सिस द ग्रूट नावाच्या माणसाने घोड्यावरून येऊन तलवारीने ती तोडली, मग फीत परत बांधली आणि लँग यांनी परत कापली. आता त्या फितीचा तुकडा कुणी आणून दिला तर तो कुठल्या कापण्याचा ते सोबत चिठ्ठी नसेल तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तर तेव्हापासून आमच्या कामाची सुरुवात बदलली. वस्तू हातात घेण्याआधी आम्ही विचारतो की खरं काय झालं होतं आणि हे कोण कोण आहेत. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून वहिनी प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढतात, आत नंबर, आणि शेजारी नंबरांची यादी, नाव, काम, कुणी ओळखलं, कधी ओळखलं. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. जुन्या कागदी फोटोमागे मऊ पेन्सिलने कडेला लिहायचं, बॉलपेनने लिहिलं तर पुढून अक्षरं उठतात. नंतरच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहून मग फोटो आत घालायचा.

या कामाचे पैसे द्यायला लोक कचरतात. फ्रेमला देतात, डबीला देतात, नावांना नाही. एका साहेबांनी तर सरळ सांगितलं की बाकीच्यांची नावं कशाला, साहेबांचं नाव पाटीवर आहे ना. आम्ही मग नावांचं काम फ्रेमच्या दरातच धरायला लागलो, वेगळं दाखवतच नाही. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणा आहे का माहीत नाही, दादाच्या मते नाही.

डिजिटलमध्ये आमचीही फजिती झालीय. एका पुलाच्या लोकार्पणाच्या सगळ्या ओरिजिनल फाइल आमच्या एकाच हार्ड डिस्कवर होत्या, ती एका सकाळी टकटक आवाज करून मेली. सीडी काढल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या वाचल्या गेल्या नाहीत. उरलं ते लोकांनी व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेलं, दाबून बारीक झालेलं. आता तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागेत, आणि वर्षातून एकदा उघडून बघायचं. स्कॅन टिफ फाइलमध्ये, म्हणजे चित्र दाबून बारीक न करणाऱ्या प्रकारात, आणि ट्रेसिंगची यादीही त्याच फोल्डरमध्ये, कारण IMG_चार आकडे असल्या नावाची फाइल वीस वर्षांनी कुणाला काय सांगणार.

आता आम्ही चौघं आहोत, एक मुलगी स्कॅनिंगला आलीय. मोठी ऑर्डर अजूनही वर्षातून दोन-तीनदाच येते, बाकी दिवस फ्रेमा आणि पासपोर्ट फोटो.

त्या पन्नास वर्षांच्या कार्यक्रमवाल्या फोटोचं सांगायचं राहिलं. पडदा ओढणारा कोण ते शोधताना आम्ही संस्थेतल्या जुन्या माणसांकडे फिरलो, शेवटी एक आजोबा सापडले, त्या दिवशी माइकची वायर ओढायला होते. चष्मा पुसून पुसून त्यांनी एकतीस जणांची नावं सांगितली, पडदा ओढणारे शेजारच्या शाळेचे हेडमास्तर निघाले. मग फोटोच्या अगदी उजव्या कडेला बोट न टेकवता दाखवलं, तिथे नुसता एक कोपर आणि दुमडलेली बाही होती, बाकी माणूस फ्रेमच्या बाहेर.

"हा कोपर माझा."

वहिनींनी ट्रेसिंग पेपर सरळ केला, कोपराभोवती पेन्सिल फिरवली आणि आत ३२ लिहिलं.