टॉवेल कारखान्यातली आग आणि गाठींचा वैताग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन आला की आधी विचारायचं, आत कोणी अडकलंय का? मग, मेन स्विच पाडला का? यंत्रमागांवर, पत्र्याचं छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर साचलेल्या सुताच्या तुसावरून आग भर्रकन पळते, पण ती पाण्याच्या फवाऱ्याने लवकर दबते. खरा वैताग पुढे. सुताच्या गाठीवरून, म्हणजे पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावरून, पाणी नुसतं ओघळतं, आतली धग तशीच. म्हणून गाठ मोकळ्यावर ओढायची, पट्ट्या कापायच्या, आकड्याने उसवून थर न् थर भिजवायचा. माल वरच्या मजल्यावर असेल तर जपून. मुरलेल्या प्रत्येक लिटरमागे किलोभर ओझं वाढतं, स्लॅबला ते झेपेलच असं नाही. आणि मालकांनो, जिन्यात खोकी रचू नका हो! दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर दिसला, तर न उसवलेली गाठ आधी शोधायची.